जुन्या डिझेल पिकअपचे ब्रेक आणि टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढे डिस्क, मागे ड्रम आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगखाली पाटे (लीफ स्प्रिंगा) असलेली, बरीच वर्षं ओझं वाहिलेली पिकअप डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. इथले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

डिझेल पिकअपच्या ब्रेकमध्ये पेट्रोल गाडीपेक्षा वेगळं काय असतं?

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या झडपेमुळे इनटेकमध्ये व्हॅक्यूम आपसूक तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा भाग, त्यावर चालतो. जुन्या डिझेल इंजिनात ही झडपच नसते, म्हणून बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पाठीवर, त्याच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. काही इंजिनांत तो कॅमशाफ्टवर चालतो. काही मोठ्या पिकअपमध्ये व्हॅक्यूमऐवजी पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा दाब वापरतात. तिथे स्टिअरिंगचं तेल कमी झालं की ब्रेकही जड होतो.

म्हणजे अल्टरनेटरचा पट्टा ढिला पडला तर बॅटरीबरोबर ब्रेकलाही फटका बसतो. पंपातल्या पात्यांना इंजिनाचंच ऑईल वंगण म्हणून मिळतं. ऑईल बदलायला उशीर झाला, ऑईलची बारीक नळी चोंदली, की पाती झिजतात आणि पेडल कडक होत जातं. ब्रेक कमी लागतो म्हणून थेट पॅड बदलणारे पुष्कळ असतात. जुन्या डिझेल गाडीत आधी व्हॅक्यूम तपासा, मग चाक खोला.

पेडल दगडासारखं कडक झालंय. बूस्टर गेला की पंप?

आधी हत्याराशिवाय दोन चाचण्या करा.

पहिली: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला साठा संपेल. आता पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पाय थोडा खाली गेला तर मदत मिळतेय. पेडल जागचं हललंच नाही तर पंप, नळी किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी निकामी आहे.

दुसरी: इंजिन एखादं मिनिट चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग पेडल दाबा. पहिले दोन-तीन ब्रेक नेहमीसारखे मऊ लागायला हवेत. पहिल्याच दाबाला पेडल कडक लागलं तर साठा टिकत नाही. अशा वेळी बूस्टरच्या तोंडावरचा एकदिशा वाल्व्ह, नळी आणि बूस्टरचा पडदा, या क्रमाने पाहा.

गेज असेल तर पंपाच्या तोंडाला लावा. समुद्रसपाटीजवळ तंदुरुस्त पंप पाऱ्याच्या ६०० मिलिमीटरच्या पुढे जातो. पंपावर ठीक आणि बूस्टरपाशी कमी, असं दिसलं तर दोष नळीत. नळी व्हॅक्यूमचीच वापरा. डिझेलची साधी नळी गरम झाली की आतून चिकटते, आणि थंड गाडीवर तपासताना ते कळतही नाही.

एकदिशा वाल्व्ह काढल्यावर आत काळं इंजिन ऑईल सापडलं तर ते पंपातून आलंय. नुसता पंप बदलून भागत नाही, कारण ऑईलने बूस्टरचा रबरी पडदा फुगतो. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा) आणि बूस्टर यांच्या जोडावर ओल दिसली तर मास्टरचं मागचं सील गेलंय. ब्रेक ऑईल कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही, या कोड्याचं उत्तर बहुधा इथेच मिळतं.

पेडलच्या वागण्यावरून आणखी काय कळतं?

पुष्कळ काही.

पेडल स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा जुने रबरी होज फुगताहेत.

पेडल धरून ठेवलं आणि ते हळूहळू खाली बसत गेलं तर गळती आहे. बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील दाब सोडतंय.

पहिल्या दाबाला खूप खाली आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर बहुतेक वेळा मागच्या शूचं (ड्रमला आतून दाबणाऱ्या लायनिंगच्या पट्ट्यांचं) अ‍ॅडजस्टमेंट ढिलं झालेलं असतं. जुन्या पिकअपमधली ही सर्वांत सामान्य तक्रार आणि सर्वांत सोपी दुरुस्ती.

वळण घेतल्यानंतरचा पहिलाच ब्रेक खोल जातो? पुढच्या व्हील बेअरिंगचा खेळ पाहा. चाक डुगडुगलं की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पिस्टनला जास्त अंतर कापावं लागतं. ब्रेकची सगळी कामं करूनही ही तक्रार राहते, कारण दोष ब्रेकमध्ये नसतोच.

ब्रेक ऑईल कोणतं टाकायचं आणि कधी बदलायचं?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच. जुन्या पिकअपना बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ लागतं. नवं, कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पाणी शोषल्यानंतरची किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंश. या फरकातच बदलण्याचं कारण आहे: हे द्रव हवेतली आर्द्रता ओढून घेतं. ओझं घेऊन लांब उतार उतरताना कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापला की पाणी मुरलेलं ऑईल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका.

डॉट ३ आणि ४ एकमेकांत चालतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत अजिबात मिसळायचं नाही. नावात साधर्म्य असलं तरी डॉट ५.१ वेगळं, ते ३ आणि ४ च्याच कुळातलं. इंजिन ऑईल, स्टिअरिंगचं तेल किंवा डिझेल चुकूनही टाकीत पडलं तर सगळी रबरं फुगतात, आणि मास्टरपासून चाकापर्यंतची सीलं आणि होज बदलावे लागतात.

पातळी थोडी खाली गेली की लगेच भर घालू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतलं ऑईल तिकडे जातं. आधी पॅड पाहा. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो.

ब्रेकमधली हवा काढायची बरोबर पद्धत कोणती?

साधारण १ लिटर ऑईल, निपलवर (चाकापाशी हवा काढायच्या छोट्या तोटीवर) घट्ट बसणारी पारदर्शक नळी, बाटली आणि पेडलवर एक माणूस. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या मागच्या चाकापासून सुरुवात करायची आणि जवळ येत जायचं. हौद्याच्या वजनाप्रमाणे चालणारा वाल्व्ह मागच्या हाऊसिंगला जोडलेला असेल आणि त्यावर निपल असेल तर तीही सोडायची. मॅन्युअलमधला क्रम वेगळा असेल तर तो पाळा.

पेडल तीन-चार वेळा हळू दाबून धरायला सांगा. निपल पाव ते अर्धा फेरा सोडा. पेडल खाली गेलं की ते तसंच धरलेलं असताना निपल बंद करा आणि मगच पेडल सोडू द्या. क्रम चुकला की हवा परत आत जाते. दर सात-आठ वेळांनी टाकी पाहा. टाकी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

जुन्या मास्टर सिलिंडरबाबत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: पेडल तळापर्यंत दाबू देऊ नका. रोजच्या वापरात पिस्टन जिथपर्यंत जात नाही, त्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. सीलची कड त्यावरून गेली की फाटते. हवा काढली आणि दुसऱ्या दिवशी मास्टर गेला, असं होतं ते यामुळे. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

निपल गंजून बसली असेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा आणि सहा कोनी पाना लावा. बारा कोनी पान्याने कोपरे झिजतात.

पुढचे पॅड आणि डिस्क कधी बदलायचे?

नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मसाला असतो. ३ मिलिमीटरवर आला की बदला आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला. डिस्कच्या कडेवर किंवा मध्यभागी किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजा. त्या आकड्याखाली गेलेली डिस्क लेथवर फिरवून वापरायची नाही, ती तापून तडकते.

ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडतं तेव्हा डिस्क वाकडी झाली असं म्हणतात. प्रत्यक्षात बहुधा डिस्कची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त झालेली असते, किंवा हब आणि डिस्कच्या मध्ये गंजाचा पापुद्रा अडकलेला असतो. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख करा. हे टाळलं तर नवी डिस्कही काही हजार किलोमीटरमध्ये धडधडू लागते.

आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा शाबूत, असं दिसलं तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्यात. पिना काढा, पुसा, रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदला आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिना आणखी आवळतात. कॅलिपर काढल्यावर तो होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर टांगा.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम ब्रेक लावत वीसेक वेळा या, मध्ये अर्धा मिनिट थंड होऊ द्या. पहिले काही दिवस जड माल टाळा.

मागचे ड्रम खोलताना काय काय पाहायचं?

पिकअपमध्ये सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते इथे. ड्रम झाकलेला असतो, आवाज करत नाही, आणि मालाचं वजन मात्र त्याच्याच डोक्यावर असतं. दर १०,००० किलोमीटरला एकदा तरी उघडा.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा, जॅकने उचला आणि हाऊसिंगखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर काम करू नका. हँडब्रेक सोडा. ड्रम निघत नसेल तर बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) भोकातून अ‍ॅडजस्टर ढिला करा, कारण शू ड्रमच्या आतल्या कडेत अडकलेले असतात. पुष्कळ ड्रमवर आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्याने काठावर ठोकला तर बिडाचा ड्रम फुटतो.

आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसांसाठी घातक आहे. ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा.

आता क्रमाने. रिव्हेट केलेलं लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापासून १ मिलिमीटरवर आलं की संपलं. चिकटवलेलं असेल तर २ मिलिमीटरपर्यंत चालतं. ड्रमचा कमाल व्यास त्याच्यावरच लिहिलेला असतो. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहा: किंचित ओलसरपणा ठीक, पण थेंब आला तर सिलिंडर बदला. आत तेलकट काळं पसरलं असेल तर वास घ्या. गिअर ऑईलचा वास उग्र, गंधकासारखा असतो, तेव्हा अ‍ॅक्सलचं सील गेलंय. सील बदलण्याआधी हाऊसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) मोकळा आहे का ते पाहा. ब्रीदर चिखलाने बंद झाला की गरम हाऊसिंगमध्ये दाब वाढतो आणि ऑईल नव्या सीलमधूनही बाहेर येतं. तेलात भिजलेले शू धुऊन, भाजून परत वापरू नका. तेल आत मुरलेलं असतं, तापल्यावर पुन्हा वर येतं.

एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे स्प्रिंगा कुठे लागतात ते दुसऱ्या बाजूवर पाहता येतं. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलट असतात, त्यांची अदलाबदल झाली की आपोआप आवळण्याऐवजी ते सैल होत जातात. तापून रंग उडालेल्या, लांबलेल्या स्प्रिंगा बदला. बॅकप्लेटवर शू जिथे घासतात त्या उंचवट्यांना उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या.

मागचा ब्रेक अ‍ॅडजस्ट कसा करायचा?

भोकातून चपट्या पेचकसाने अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवा, चाक जाम होईपर्यंत. पेडल दोनदा दाबा, म्हणजे शू मध्यावर बसतील. मग चाक हाताने फिरेल आणि हलकी घसट ऐकू येईल इतपत सोडा. दोन्ही बाजूंना सारखं. हँडब्रेकची केबल यानंतरच आवळायची. उलट क्रमाने केलं तर शू अर्धवट उघडे राहतात आणि अ‍ॅडजस्टर काम करत नाही. भोकाचं रबरी बूच परत लावा, नाहीतर चिखल आत जातो.

ब्रेक सोडल्यावरही एक चाक तापतं. का?

चाक उचलून फिरवा. जाम असेल तर त्या चाकाची निपल सोडा. चाक मोकळं झालं तर दाब लाइनमध्ये अडकलाय आणि संशय रबरी होजवर. जुना होज आतून सुजतो, पायाच्या जोराने ऑईल पुढे जातं पण परत येत नाही. बाहेरून तो नवा दिसू शकतो. निपल सोडूनही चाक जामच राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन, पिना किंवा हँडब्रेकची गंजलेली केबल पाहा. होज जोडीने बदला आणि तांब्याचे वायसर दर वेळी नवे घ्या.

रिकाम्या गाडीची मागची चाकं लगेच घसरतात, किंवा भरलेली असताना मागचा ब्रेक लागतच नाही. असं का?

हौदा किती दबलाय हे पाहून मागच्या ब्रेकला दाब देणारा वाल्व्ह चॅसिसवर असतो आणि त्याची दांडी हाऊसिंगला जोडलेली असते. दांडी गंजून अडकली की दाब एकाच ठिकाणी राहतो. जादा पाटा टाकून गाडी उंच केली की भरलेली गाडीही वाल्व्हला रिकामी वाटते, मागचा ब्रेक कमी मिळतो आणि सगळा भार पुढच्या पॅडवर पडतो. पाट्याचं काम झालं की दांडीचं सेटिंग पुन्हा करून घ्या.

लांब उतारावर काय काळजी घ्यायची?

ज्या गिअरमध्ये तोच चढ चढला असता, तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. थ्रॉटल नसल्यामुळे जुन्या डिझेलचं इंजिन ब्रेकिंग वरच्या गिअरमध्ये फारसं जाणवत नाही, म्हणून गिअर खालचाच हवा. ब्रेक सतत टेकवून ठेवण्यापेक्षा ठाम लावा, वेग कमी करा, सोडा. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरू नका. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद, आणि दोन-तीन ब्रेकनंतर बूस्टरची मदत संपते.

उतारावर पेडल मऊ पडलं तर ऑईल उकळलंय. पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल तर पॅड-लायनिंग तापलंय. दोन्ही वेळा थांबा आणि थंड होऊ द्या, गरम ड्रमवर पाणी ओतू नका.

टायरच्या बाजूवरचे कोणते आकडे महत्त्वाचे?

भारांक आणि तारीख. १०६/१०४ असं असेल तर एकेरी लावल्यास टायर ९५० किलो पेलतो, जोडीने लावल्यास प्रत्येकी ९०० किलो. मापापुढे सी किंवा एलटी लिहिलेलं असतं ते मालवाहू टायर. त्याच मापाचा कारचा टायर रिममध्ये बसतो, पण मालाखाली फुटतो.

तारखेचे चार अंक लांबट चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी बाजूच्या भेगा बारकाईने पाहा. दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही असली तरी काढून टाका.

नक्षी किती उरली की टायर संपला?

खाचांमधल्या उंचवट्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी तिथे टेकली की टायर संपला. ओल्या रस्त्यावर त्याच्या बऱ्याच आधी पकड सुटू लागते, ३ मिलिमीटरवर बदललेला बरा.

हवा किती ठेवायची?

दारावरच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतात. टायरवर कोरलेला आकडा टायरची मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीची गरज सांगत नाही. हवा थंड टायरमध्ये मोजा, किमान तीन तास उभ्या गाडीत. चालून आल्यावर वाढलेली हवा काढून टाकू नका, थंड झाल्यावर ती कमी भरेल. हवामान १० अंश सेल्सिअसने उतरलं की दाब साधारण २ पीएसआय घटतो.

रबरी, रिममध्ये खेचून बसवायचे नेहमीचे वाल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतात. त्यापुढे हवा भरायची असेल तर धातूचे वाल्व्ह बसवा.

टायर वेडावाकडा झिजतोय. कारण कसं ओळखायचं?

दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला तर जास्त. फक्त एक कड गेली असेल तर चाकाचा कल बिघडलाय: बॉल जॉइंट, किंगपिन किंवा बुश पाहा. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बोचरं लागलं तर टो (पुढची चाकं समोरून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) चुकलाय. ठिकठिकाणी खड्डे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर गेलेत किंवा बॅलन्सिंग नाही. अलाइनमेंटच्या आधी स्टिअरिंगचे जॉइंट आणि बेअरिंग नीट करा. ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडतं.

पुढचे-मागचे टायर दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला अदलाबदल करा, स्टेपनीही फेऱ्यात घ्या. चारही चाकांवर ताकद जाणाऱ्या गाडीत कमी-जास्त झिजलेले टायर एकत्र लावू नका, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो. रिट्रेड (नवी नक्षी चढवलेला जुना) टायर पुढे लावू नका.

पंक्चर कुठलं काढायचं आणि कुठलं नाही?

नक्षीच्या भागातलं, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक टायर उतरवून आतून छत्रीच्या आकाराच्या पॅचने बंद करा. बाहेरून खुपसलेली दोरी गाडी घरी नेण्यापुरती. बाजूच्या भिंतीतलं पंक्चर काढायचं नाही. कमी हवेवर बराच चाललेला टायर आतून पाहिल्याशिवाय भरू नका: आत रबराचा चुरा किंवा काळा पट्टा दिसला तर तारा तुटल्यात. तुकड्यांच्या, रिंग असलेल्या जुन्या रिमचं काम पिंजरा असलेल्या जागीच करून घ्या. ती रिंग उडाली तर जीव जातो.

चाकाचे नट किती आवळायचे?

स्टडच्या जाडीनुसार. १२ मिलिमीटर स्टडला साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर, १४ मिलिमीटरला बरंच जास्त, म्हणून मॅन्युअल पाहा. आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. तेल लावलं की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

स्टेपनीकडे कधी पाहायचं?

तीन महिन्यांतून एकदा. हवा पाहाच, पण खाली उतरवूनही पाहा. हौद्याखालची साखळी किंवा तार गंजली की ऐन वेळी स्टेपनी निघत नाही, किंवा चालत्या गाडीतून पडते.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार आहे. काय करू?

हँडब्रेक लावू नका, शू ड्रमला गंजाने चिकटतात. सपाट जागी ओट लावून, गिअरमध्ये ठेवा. हौदा रिकामा करा आणि टायरमध्ये भरलेल्या गाडीइतकी हवा ठेवा. परत काढताना आधी होज आणि टायरच्या भेगा पाहा, मग इंजिन सुरू करून पेडल दाबून धरा, आणि पहिले काही ब्रेक अगदी हळू वेगात लावा. डिस्कवरचा वरवरचा गंज तेवढ्यात निघून जातो. किरकिर आणि थरथर त्यानंतरही राहिली तर ड्रम उघडा.